दोन पानांचा पाहुणा

विठ्ठलापूरचा चैत्रोत्सव आटोपून चार-पाच दिवस झाले होते. देवळाकडून येणाऱ्या वाजपाची सवय कानांना लागली होती, आणि संध्याकाळी सोप्यावर बसले की एकदम फार शांत वाटायचे. अशाच एका संध्याकाळी आमच्या वाड्यावरची एक मुलगी ते पत्र घेऊन आली. पारदर्शक फोल्डरात ठेवलेले, घडी न पडलेले. तिस्कावर बसमधून उतरून घरीही न जाता ती थेट इकडे आली होती. पर्स खांद्याला लटकत होती आणि फोल्डर मात्र दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

तिने नर्सिंगची चार वर्षे पूर्ण केली आहेत. गोवा नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात आली आहे. बार्देशातल्या एका खासगी रुग्णालयाने मुलाखत घेऊन तिला हे पत्र दिले आणि सोमवारपर्यंत सही करून आणायला सांगितले. मी जन्मभर आस्थापना शाखेत कारकुनी केली, त्यामुळे वाड्यावरचा बहुतेक कागद एकदा तरी माझ्या चष्म्याखालून जातो. फोल्डर माझ्यापुढे ठेवून तिने विचारले, “काका, सय करूं?”

मी पत्र बाहेर काढले. कागद नेहमीच्यापेक्षा जाड होता, बोटांना बरा वाटणारा. वर हिरव्या रंगात रुग्णालयाचे नाव, शेजारी हृदयाचे चित्र आणि त्यातून जाणारी ठोक्यांची रेघ. पत्र इंग्रजीत होते. त्याचे म्हणणे मी इथे मराठीत सांगतो. पहिल्या परिच्छेदात ते फार प्रेमाने बोलते. तुमची निवड झाल्याचे कळवताना आम्हांला अत्यंत आनंद होत आहे, आमच्या कुटुंबात तुमचे स्वागत. हुद्दा ठळक अक्षरांत, ‘स्टाफ नर्स’. तिचे नाव पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आणि शुद्धलेखनाची एकही चूक नाही. तिने ते नाव बोटाने दाखवले. पहिल्यांदाच कुठल्या तरी कागदाने तिला ‘परीक्षार्थी’ किंवा ‘विद्यार्थिनी’ न म्हणता कामाच्या नावाने हाक मारली होती. तो आनंद खरा होता आणि पत्राने तो दिला होता, हे मी आधीच मान्य करतो.

पण माणूस जसा बोलता बोलता आवाज उतरवतो, तसे हे पत्र तिसऱ्या परिच्छेदापासून पुटपुटू लागते. मासिक मोबदला ‘22,000 पर्यंत’. कामाच्या वेळा ‘गरजेनुसार’. रजा ‘नियमानुसार’. परिविक्षा सहा महिने, ‘काम समाधानकारक न वाटल्यास वाढवता येईल’, पण कितीदा आणि किती, हे नाही. पगारवाढ ‘वेळोवेळी व्यवस्थापन ठरवील तशी’. ‘नियमानुसार’ हा शब्द मी पेन्सिलने मोजला; दोन पानांत सहा वेळा आला होता. नियम मात्र सोबत जोडलेले नव्हते. सोयरीक घेऊन येणारे एक वयस्क गृहस्थ आमच्या लहानपणी वाड्यावर यायचे. मुलाच्या स्वभावाबद्दल तासभर बोलत, आणि जमीन कुणाच्या नावावर आहे असे माझ्या आजीने विचारले की पोफळीकडे बघत राहत. माणूस वाईट नव्हता. ज्यांनी पाठवले त्यांनी जेवढे सांगितले तेवढेच त्यांना बोलता येत होते. हे पत्रही तसेच.

मग मी ते उजेडाला धरले, कारण जुन्या सवयीने मी कागदाचा मजकूर वाचण्याआधी त्याचा कोपरा बघतो. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात स्टेपलच्या भोकांच्या दोन जोड्या होत्या. दुसऱ्या पानाला एकच. म्हणजे पहिले पान आधी दुसऱ्या कुठल्या तरी पानाला टाचलेले होते. ते पान काढून त्या जागी हे आले. पगार, बॉण्ड, नोटीस हे सगळे दुसऱ्या पानावर. यात लबाडीच असेल असे नाही. टायपिंगची चूक झाली म्हणूनही पान बदलतात. मी स्वतः शेकडो वेळा बदलले आहे. पण दुसऱ्या पानावर कुणाचीही आद्याक्षरे नव्हती. उद्या ते पान पुन्हा बदलले, तर पहिल्या पानावरची तिची सही त्याला अडवू शकणार नव्हती.

दुसऱ्या पानावर आणखी एक ओळ होती. नोकरी सोडताना कर्मचाऱ्याने कंपनीचा लॅपटॉप परत करावा. वॉर्डात काम करणाऱ्या नर्सला लॅपटॉप कोण देतो? हे पत्र दुसऱ्याच कुठल्या तरी घरात, संगणकाचे काम करणाऱ्या कंपनीत वाढले असावे, आणि तिथून नाव-पत्ता बदलून इथे आले असावे. म्हणून त्याला वॉर्ड माहीत नव्हता. रात्रपाळीनंतर किती तास विश्रांती, किती रुग्णांमागे एक नर्स, सुई टोचली तर उपचाराचा खर्च कुणाचा, हेपटायटिस बीची लस कोण देणार, यातले काहीच त्याला सुचले नव्हते. लॅपटॉप मात्र आठवला.

आम्ही बोलत होतो तेव्हा तिचे वडील येऊन पायरीवर बसले. ते खाणीवर मशीन चालवत. सारमानसच्या धक्क्याकडे खनिज घेऊन जाणाऱ्या ट्रकांच्या त्या काळात आमच्या काजूच्या पानांवर लाल धूळ कायम असायची. काम ठेकेदारामार्फत होते आणि पगार रोख. 2012 च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. पुढे काही काळ सुरू होऊन 2018 च्या फेब्रुवारीत न्यायालयाने 88 लीजचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चमध्ये सगळे पुन्हा बंद पडले. इतकी वर्षे तिथे राबल्याचा पुरावा म्हणून त्यांच्यापाशी एक गेटपास उरला आहे. प्लास्टिकच्या पाकिटातला, मुदत संपलेला, फोटो पिवळा पडलेला. नेमणुकीचे पत्र त्यांना कधी मिळालेच नाही. त्यामुळे मुलीच्या हातातल्या कागदाकडे बघून ते म्हणाले, निदान लिहून दिलेय ना, तेवढे पुरे.

त्यांचे म्हणणे मी खोडू शकलो नाही. ज्याला कागदच मिळाला नाही, त्याला कागद असणे हीच मोठी गोष्ट वाटणार, आणि आता कायदाही तेवढ्यापुरता त्यांच्या बाजूने आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतली कामाच्या ठिकाणची सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीबद्दलची 2020 ची संहिता सांगते की प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र दिले पाहिजे. हे पत्र उपकार म्हणून आलेले नाही, ते देणे भाग होते. पण पत्र असले म्हणजे त्यात सगळे असतेच असे नाही, आणि ते मला माझ्याच टंकयंत्राने शिकवले आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कार्यालयात मी एका तरुणाचे पत्र टाइप केले होते. ‘नेमणूक तात्पुरत्या स्वरूपाची असून पुढील आदेश होईपर्यंत राहील.’ साहेबांनी मसुदा दिला, मी टाइप केला, शिक्का मारला. त्याने विचारले, पुढील आदेश कधी होतो? मी म्हणालो, होईल लवकर. खरे तर मला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नाही असे सांगायला हवे होते. तो पुढील आदेश अकरा वर्षांनी झाला. अकरा वर्षे त्या माणसाने त्या एका वाक्यात संसार केला. बँकेने कर्ज दिले नाही, लग्न दोनदा मोडले. ‘पुढील आदेश होईपर्यंत’ हे शब्द माझ्या बोटांनी कागदावर उमटवले होते. तेव्हापासून मोघम शब्द दिसला की मला तो माणूस दिसतो. कागदावर जागा मोकळी सोडली की ती तशी राहत नाही. ज्याच्या हातात अधिकार असतो तो ती नंतर आपल्या सोयीने भरतो.

म्हणून मी पत्राशी बोलायला बसलो आणि तिला शेजारी बसवले.

सुरुवात ‘पर्यंत’ने केली. 22,000 पर्यंत म्हणजे 14,000 सुद्धा झाले. आणि वरचा आकडा खरा धरला तरी तो रुग्णालयाला येणारा एकूण खर्च आहे की पगार? तिने मोबाइलवर गणित केले. मूळ पगार 11,000 मानला, तर रुग्णालयाच्या वाट्याचा 12 टक्के भविष्यनिर्वाह निधी 1,320 आणि ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, 3.25 टक्के हिस्सा आधी त्या 22,000 मधूनच निघतो. उरतात सुमारे 20,000. त्यातून तिच्या वाट्याचे 1,320 आणि ईएसआयचे 0.75 टक्के, म्हणजे 150 गेले की हातात साधारण साडेअठरा हजार. गणवेशाचे पैसे कापणार असतील तर आणखी कमी. निधी आणि ईएसआय वाईट नाहीत, उलट ते हवेतच. 21,000 पर्यंत वेतन असलेल्याला ईएसआयमुळे आईवडिलांच्या आजारातही आधार मिळू शकतो. पण कापून घेतात आणि पत्रात त्याचा उल्लेखच नाही, तर भरतात की नाही हे कळायचे कसे? मूळ पगार किती, हे तर पत्रात मुळीच नव्हते, आणि निधीपासून ग्रॅच्युइटीपर्यंत सगळे त्या एका आकड्यावर उभे असते.

ती आकड्याकडे बघत राहिली. मुलाखतीत त्यांनी 22,000 म्हटले तेव्हा तिने मनात घरचे वाटे पाडले होते: भावाची फी, आईची शुगरची औषधे, पतपेढीचा हप्ता. साडेतीन हजारांनी ते सगळे वाटे मोडले.

मग तिने विचारले, की नर्सला किती मिळायला हवे हे कुणी ठरवलेच नाही का. ठरवले आहे. परिचारिकांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. 29 जानेवारी 2016 रोजी न्यायालयाने केंद्राला समिती नेमायला सांगितले. त्या समितीने म्हटले की 200 हून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात सरकारी नर्सइतका पगार असावा, 100 हून जास्त खाटांना फार तर 10 टक्के कमी, 50 ते 100 खाटांना फार तर 25 टक्के कमी, आणि 50 हून कमी खाटा असल्या तरी 20,000 च्या खाली कुठेही जाऊ नये. ही शिफारस आहे, अंमल राज्यांवर सोपवलेला. सरकारी नर्सचा पगार म्हणजे काय, तर केंद्राच्या सातव्या वेतन आयोगात स्टाफ नर्स सातव्या पातळीवर असते आणि तिचे मूळ वेतनच 44,900 पासून सुरू होते. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात लागलेल्या मैत्रिणींची ऑर्डर तिने पाहिली आहे. तो कागद या पत्राचा थोरला भाऊच म्हणायचा: रुक्ष, स्वागताचा एक शब्द नाही, क्रमांक, दिनांक, वेतनश्रेणी, संपले. पण त्याला विचारावे लागत नाही. आमच्यासमोरचे पत्र गोड बोलते आणि 2016 मध्ये लहानात लहान रुग्णालयासाठी सांगितलेल्या तळाच्या आकड्यापाशी कसेबसे उभे राहते. तिला मी हे सांगितले ते नोकरी नाकारावी म्हणून नव्हे. सरकारी जागा निघेपर्यंत हाताला सराव हवा, अनुभवाचे प्रमाणपत्र हवे, आणि घरात पगारही हवा. पण आपल्या कामाला किती मोल सांगितले गेले आहे, हे ठाऊक असलेल्या मुलीचा आवाज वेगळा लागतो.

‘गरजेनुसार’ या शब्दाशी मात्र तिच्या आईचे भांडण होते. आई मागाहून आली, चुलीवरचे काम टाकून. तिचा प्रश्न एकच: रात्री घरी कशी येणार? ईव्हनिंग ड्यूटी संपवून, पुढच्या पाळीला रुग्ण सोपवून बाहेर पडेपर्यंत उशीर होतो, आणि म्हापशाहून साखळीकडे येणारी शेवटची बस नर्ससाठी थांबत नाही. नव्या संहितेत स्त्रियांना संध्याकाळी 7 नंतर आणि सकाळी 6 च्या आधी कामाला लावायचे तर त्यांची संमती लागते आणि सुरक्षिततेची व्यवस्था मालकाने करायची असते. पत्रात संमती विचारलेली नाही. सही केली की तीच संमती, असे त्याने मनात धरले आहे. आईला कलम सांगून उपयोग नव्हता. ती म्हणाली, गाडी देतात का तेवढे लिहून घे.

शेवटी उरल्या दोन गोष्टी, आणि त्या पत्राने सगळ्यात लहान अक्षरांत सांगितल्या होत्या. दोन वर्षांचा बॉण्ड, मध्येच सोडल्यास एक लाख. आणि मूळ प्रमाणपत्रे रुजू होताना जमा करावीत. शिवाय तिने सोडायचे तर तीन महिन्यांची नोटीस, आणि व्यवस्थापनाने काढायचे तर 24 तासांची. नोकरी सोडल्यावर दोन वर्षे उत्तर गोव्यातल्या दुसऱ्या रुग्णालयात काम करायचे नाही, अशीही एक ओळ होती. त्या ओळीने तिला सगळ्यात जास्त घाबरवले होते, आणि खरे तर तीच सगळ्यात पोकळ आहे. 1872 च्या करार कायद्याचे 27 वे कलम असे बंधन रद्दबातल ठरवते. नोकरी सोडल्यावर माणसाला पोट भरण्यापासून अडवता येत नाही. बॉण्डचे तसे नाही. कोरी धमकी समजून त्यावर सही करू नये. 14 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी सोडल्याबद्दलची दोन लाखांची अट मान्य केली. त्याच वेळी करार कायद्याचेच 74 वे कलम म्हणते की भरपाई वाजवीच मिळेल, कागदावरचा आकडा आपोआप नव्हे. म्हणजे विचारायचे हे, की या एका लाखाच्या बदल्यात रुग्णालय तिच्यावर कोणते प्रशिक्षण आणि किती खर्च करणार आहे.

प्रमाणपत्रांच्या बाबतीत मी तिला स्पष्ट सांगितले. मूळ कागद दाखवायचे, पडताळून घ्यायचे, झेरॉक्स द्यायची आणि मूळ घेऊन घरी यायचे. बारावीपासून कौन्सिलच्या नोंदणीपर्यंतचे तिचे आयुष्य त्या एका फाइलमध्ये आहे. ती दुसऱ्याच्या कपाटात बंद झाली, तर सरकारी जागेची जाहिरात आली त्या दिवशी तिला किल्लीसाठी विनवणी करावी लागेल.

रात्री तिने मेल लिहिली, स्वतःच्या भाषेत, साधी. पत्राबद्दल आभार, काम करायची इच्छा आहे, आणि सही करण्यापूर्वी पुढील बाबी लिखित कळवाव्यात: मूळ पगार आणि हातात येणारी रक्कम, पाळ्यांचे तास आणि आठवड्याची सुटी, रात्रीची वाहनव्यवस्था, परिविक्षेची कमाल मुदत, बॉण्डचा आधार, दोन्ही बाजूंना सारखी नोटीस, हेपटायटिसची लस. वडील म्हणाले, इतके विचारले तर दुसरीला घेतील. ही भीती खोटी नाही. ती मला पण होती, आणि मी ती तिच्यापासून लपवली नाही. पाठवायची की नाही हे तिनेच ठरवले. नऊ वाजून गेले होते. तिने पुन्हा एकदा वाचून बटण दाबले.

दोन दिवस पत्र गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी फोन आला. एचआरच्या बाई मऊ बोलल्या: काळजी करू नका, सगळे मिळते, आमच्याकडे सगळ्या मुली खुशीत आहेत. वाहनाचे सांगितले, पगाराचा आकडा सांगितला, लस रुग्णालयच देते असेही सांगितले. फोन ठेवून ती हसत आमच्याकडे आली. मी तिला म्हटले, जे ऐकलेस ते विसरायच्या आत लिही. तिने तिथेच पायरीवर बसून लिहिले, ‘आज दुपारी फोनवर आपण सांगितल्याप्रमाणे’, आणि खाली एकेक गोष्ट. हे मी कुठल्या पुस्तकात शिकलो नाही. आमच्या शाखेतल्या एका जुन्या हेडक्लार्क बाईंकडून शिकलो. तोंडी आदेश आला की त्या लगेच टिपण करून साहेबांच्या टेबलावर ठेवत. साहेब बदलले, टिपणे राहिली.

उत्तर संध्याकाळी आले, पाच ओळींचे. मूळ पगार 12,000, हातात साधारण 18,400. आठ तासांची पाळी, आठवड्याला एक सुटी. रात्री डिचोलीपर्यंत गाडी. परिविक्षा जास्तीत जास्त नऊ महिने. लस रुग्णालयाच्या खर्चाने. मूळ प्रमाणपत्रे पाहून परत देऊ, असे खाली वेगळे लिहिले होते. ते तिने फोनवर विचारले होते. बॉण्ड आणि नोटिशीबद्दल एक शब्द नव्हता. नोटिशीचे तिने पुन्हा विचारले, तेव्हा दोन्हीकडून एक महिना मान्य झाला. बॉण्ड दोनाचा एक वर्ष झाला, रक्कम पन्नास हजारांवर आली, खर्चाचा हिशोब मात्र दिला नाही. एक वर्ष मी काढीन, ती म्हणाली, आणि ते तिने विचार करून म्हटले होते.

सोमवारी सकाळी ती जाताना थांबली. डिचोलीहून रात्री आणायला वडील स्कूटर घेऊन जाणार, हे घरात ठरले होते. त्यांनी स्कूटरचा पुढचा दिवा बदलूनही आणला होता. पत्र तेच होते, पण आता त्याच्या अंगावर निळ्या शाईच्या खुणा होत्या. लॅपटॉपची ओळ खोडलेली, ‘पर्यंत’वर काट, बाजूला आकडा, आणि प्रत्येक दुरुस्तीशेजारी तिची आद्याक्षरे. रुग्णालयाच्या आद्याक्षरांसाठी शेजारी जागा सोडलेली, आणि ती भरल्याशिवाय मूळ फाइल पिशवीतून काढायची नाही असे तिने स्वतःला बजावलेले. तिने माझ्या टेबलावरचा स्टेपलर मागितला. मेलची छापील प्रत दोन पानांच्या मागे धरली, कोपरे जुळवले, दाबले. पहिल्या पानाला भोकांची तिसरी जोडी पडली.

खाली तिस्कावर बसने हॉर्न दिला तशी ती फोल्डर पिशवीत घालून उतरणीने धावली.